राज्याभिषेक ६ जूनला की त्रयोदशीला?

प्रिय चिनू,

मराठी शाळेच्या फळ्यावर दिनविशेष लिहायची पाळी आली आणि तू अडलीस. पुस्तकात शिवराज्याभिषेक ६ जूनला, आजीच्या शुभेच्छा येतात दर वर्षी भलत्याच तारखेला, आणि शिवजयंती तर चक्क दोनदा. "झालं तरी नक्की कधी, आणि आपली माणसं एकच दिवस का ठरवत नाहीत?" हा तुझा प्रश्न. झालं एकदाच. पण ते लिहून ठेवणारे वेगवेगळ्या पद्धतीने दिवस मोजत होते.

जेधे शकावलीतली (जेधे घराण्याकडची, घटना सालवार टिपलेली जुनी यादी) नोंद अशी आहे: शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार, तीन घटिका रात्र उरली तेव्हा राजे सिंहासनावर बसले. एक घटिका २४ मिनिटांची, तेव्हा सूर्योदयाला साधारण सव्वा तास बाकी होता. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही. म्हणून लिहिणाऱ्याच्या हिशेबी अजून शुक्रवारच होता, आणि मध्यरात्री तारीख बदलणाऱ्यांच्या हिशेबी शनिवार लागून काही तास झाले होते. तिथीचं आणखी निराळं. ती ना सूर्योदयाला बदलते ना मध्यरात्री. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते, मग ते दिवसाच्या कुठल्याही वेळी होवो. द्वादशी शुक्रवारी दिवसाच संपली होती, त्यामुळे प्रत्यक्ष मुहूर्ताला त्रयोदशी चालू होती. आपण ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी पाळतो ती म्हणून.

आता ६ जून. इंग्रजांचा वकील, म्हणजे दूत, हेन्री ऑक्झिंडन तेव्हा रायगडावर होता. सकाळी सात-आठच्या सुमारास तो दरबारात गेला आणि त्याने ६ जून १६७४ ही तारीख लिहून ठेवली. गंमत अशी की इंग्रज त्या काळी जुनं, म्हणजे ज्युलियन कॅलेंडर वापरत होते. पोर्तुगालने १५८२ सालीच नवं ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं होतं. म्हणजे मुंबईच्या इंग्रजांकडे ६ जून होता त्या दिवशी गोव्याच्या पोर्तुगीजांकडे १६ जून! वार मात्र दोघांकडे शनिवारच.

जुन्या कॅलेंडरात वर्ष पुरं ३६५ दिवस ६ तासांचं धरलेलं. खरं वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान. ही ११ मिनिटं साठत साठत १२८ वर्षांत एक दिवस होतो. पोपने दहा दिवस गाळले: १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबरचा शुक्रवार आला. इंग्लंड हट्टाने थांबलं ते १७५२ पर्यंत, आणि तोवर फरक अकरा दिवसांचा झाला होता, म्हणून २ सप्टेंबरच्या बुधवारनंतर १४ सप्टेंबरचा गुरुवार आला. तारखा उडाल्या, वारांची रांग कुठेच तुटली नाही. ताळा पाहायला वार हाच सगळ्यात भरवशाचा.

फोनमध्ये ६ जून १६७४ घालून बघ. बहुतेक ॲप बुधवार दाखवतील, कारण ती नवं कॅलेंडर तसंच मागे ताणतात. १६ जून घाल, शनिवार येईल. शिवजयंतीचंही तेच: फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार. आपण म्हणतो ती १९ फेब्रुवारी १६३० जुन्या कॅलेंडरातली, नव्यात तो दिवस १ मार्च. म्हणून काही आता सगळ्या तारखा दहा दिवस पुढे ढकलायच्या नाहीत. रूढ आहे तीच लिही, नाहीतर तुझ्या फळ्याचा कुणाशीच मेळ बसणार नाही. फक्त शेजारी वार आणि तिथी लिही, म्हणजे तपासणाऱ्याला धागा सापडतो.

शकाचं इसवी सन करताना बहुतेक जण एका ठिकाणी हमखास घसरतात. शकात ७८ मिळवायचे, हे सगळ्यांना पाठ. पण शक बदलतो पाडव्याला आणि इसवी सन १ जानेवारीला, त्यामुळे जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. १५५१ मध्ये ७८ मिळवलेस तर १६२९ येईल आणि महाराज वर्षभर आधी जन्मतील. त्या काळचे इंग्रजी कागद बघताना तर जास्तच सांभाळ: त्यांचं सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून १६३० चा फेब्रुवारी त्यांच्याकडे १६२९ म्हणूनच लिहिलेला असतो. महिन्याचं नावही बघून घे. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. आपली फाल्गुन वद्य तृतीया तिकडच्या पंचांगात चैत्र कृष्ण तृतीया असते.

आजीची तारीख दर वर्षी हलते कारण बारा चांद्रमहिने ३५४ दिवसांत संपतात. तिथी दर वर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येते, आणि साधारण तीन वर्षांनी अधिक महिना घालून ती पुन्हा पुढे नेतात. राज्याभिषेकाची त्रयोदशी २०२३ मध्ये २ जूनला होती, २०२५ मध्ये ९ जूनला. २०२६ मध्ये ज्येष्ठच अधिक, आणि उत्सव निज, म्हणजे अधिकानंतरच्या खऱ्या, ज्येष्ठात करायचा असल्याने ती जूनच्या शेवटच्या आठवड्यात गेली. २ जून २०२३ ला ३५० वं वर्ष सुरू झालं, ३५० वर्षं पूर्ण झाली नव्हती. ही गफलत तेव्हा पुष्कळांनी केली. इथे परदेशातल्या सूर्योदयाप्रमाणे तिथी काढत बसू नकोस. ती कधी कधी एक दिवस अलीकडे येते. ऐतिहासिक दिवसांसाठी महाराष्ट्रातलं पंचांग धर.

हाच हिशेब पानिपतला लावून बघ. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार. जानेवारी म्हणून ७९ मिळवायचे, आलं १७६१. तोवर इंग्रजांनीही नवं कॅलेंडर घेतलेलं, त्यामुळे १४ जानेवारीला दहा-अकरा दिवसांचं झेंगट नाही. मात्र "पानिपत ऐन संक्रांतीला झालं" हे वाक्य फळ्यावर येऊ देऊ नकोस. मकरसंक्रांत हळूहळू पुढे सरकत आली आहे. विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि त्यांची तारीख आहे १२ जानेवारी १८६३. पानिपत त्याच्याही शंभर वर्षं आधीचं, तेव्हा लढाईच्या दिवशी संक्रांत होऊन तीन-चार दिवस उलटले होते.

तुझा,
बाबा