शेवग्याचा पाला आणि उलटा वाचलेला तक्ता

प्रश्न : माझी मुलगी सोलापुरात वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. करते. प्रकल्पासाठी तिने शेवग्याच्या पाल्याच्या मिथेनॉल अर्काची अँटिऑक्सिडंट क्षमता डीपीपीएच पद्धतीने तपासली. तिच्या तक्त्यात आयसी-५० या रकान्यात क जीवनसत्त्वापुढे ८ आणि शेवग्यापुढे ६२ असे आकडे आहेत. शेवगा जवळजवळ आठपट गुणकारी असेल, तर त्याच्या कॅप्सूल मी रोज घ्याव्यात का? मला रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिनची गोळी चालू आहे.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तक्ता आपण उलटा वाचला आहे. कन्येला एकदा विचारले असते, तर तिने हसत हसत हेच सांगितले असते. डीपीपीएच हा गडद जांभळा आणि बऱ्यापैकी टिकाऊ असा मुक्त मूलक, म्हणजे जोडीविना इलेक्ट्रॉन असलेला रेणू, आहे. अर्कातील फिनॉलवर्गीय द्रव्यांनी त्याला हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन पुरवला की नळीतला जांभळा रंग उतरत जाऊन पिवळसर होतो, आणि ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती कमी शोषला गेला यावरून ही घट मोजतात. निम्मे मूलक निष्प्रभ करण्यास दर मिलिलिटरला जितके मायक्रोग्रॅम द्रव्य लागते, ते म्हणजे आयसी-५०. म्हणून आकडा जितका लहान, तितकी क्षमता अधिक. अर्थात क जीवनसत्त्व हे शुद्ध द्रव्य, तर अर्कात शर्करा, क्षार, हरितद्रव्य असे पुष्कळ काही मिसळलेले असते. त्या मानाने ६२ हा आकडा मुळीच वाईट नाही.

मात्र नळीतले यश शरीरात जसेच्या तसे उतरत नाही. मिथेनॉल विषारी असल्याने तो अर्क कोणी पीत नाही, आणि पाण्यातल्या काढ्यात तीच द्रव्ये त्याच प्रमाणात उतरतील असेही नाही. शेवग्याच्या पाल्यात क्वेर्सेटिन आणि क्लोरोजेनिक आम्ल ही अँटिऑक्सिडंट द्रव्ये असतात. पण क्वेर्सेटिनचे रूप आतड्यात आणि यकृतातच बरेचसे पालटते व रक्तात ते फार थोडे पोहोचते. अँटिऑक्सिडंट म्हणजे निरुपद्रवी, हा समजही फसवा आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. रंग उतरवणाऱ्या चाचणीच्या भरवशावर कॅप्सूल विकणाऱ्यांची जाहिरात मला म्हणूनच पटत नाही.

आपल्या बाबतीत तर अडचण निराळीच आहे. हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते वॉरफरिनच्या परिणामाला विरोध करते. कॅप्सूल आज घेतली, उद्या विसरली, असे झाले तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतला आकडा, वरखाली होईल. तेव्हा कॅप्सूल नकोच. मूठभर पाला तुरीच्या वरणात किंवा ज्वारीच्या थालीपीठात आपण आधीपासून खात असाल, तर प्रमाण सारखे ठेवावे आणि ते आपल्या डॉक्टरांना सांगावे. नव्याने सुरू करायचा असेल, तर आधी त्यांना विचारून आयएनआर केव्हा तपासायचा ते ठरवून घ्यावे.

पाला वाळवून ठेवायचा झाल्यास सोलापूरच्या एप्रिलमधल्या उन्हात गच्चीवर पसरू नये. घरात, सावलीत, वारा खेळेल असा ठेवावा. तरीही ताज्या पाल्यातले क जीवनसत्त्व वाळवताना बरेच घटते.