तमाशा फडांना सरकार खरंच काही मदत करतं का?

करतं, पण जिथे दुखतंय तिथे नाही. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची अनुदान पॅकेज योजना आहे, त्यात तमाशा, दशावतार, खडीगंमत, शाहिरी वगैरे येतं, आणि म्हाताऱ्या कलावंतांना महिन्याला ५००० मानधन (२०२४ मध्ये वाढवलं, चांगलं केलं).

पण फड चालतो तो सुपारीवर, म्हणजे गावांनी यात्रेसाठी ठरवलेल्या खेळांच्या पैशावर. पाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला जाऊन बघा, फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, बाहेर बोर्ड, आत वही घेऊन मॅनेजर आणि समोर गावोगावचे यात्रा कमिटीवाले, तारखेवरून अन पैशावरून घासाघीस चाललेली. वर्षभराची भाकरी यात्रांच्या २-३ महिन्यात ठरते, ट्रकचं डिझेल, जनरेटर, तंबू, कलाकारांची उचल (आगाऊ पैसे) सगळं त्यातूनच. माझ्या मते अनुदानापेक्षा मोठा प्रॉब्लेम १० वाजताचा आहे, ध्वनिप्रदूषण नियमामुळे रात्री १० ला स्पीकर बंद आणि तमाशाला तर पब्लिकच जेवून ९ नंतर जमतं, मग सुरुवातीची गण-गवळण होते न होते तोवर पोलीस हजर, वग (मुख्य नाट्य) राहतोच!! १२ पर्यंतची सूट सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस देऊ शकतं, ते दिवस गणपती, नवरात्र, शिवजयंती, दिवाळी, ३१ डिसेंबर अशांतच संपतात बहुतेक. यात्रांसाठी २-४ दिवस राखून ठेवले तर एक रुपया न खर्चता मदत होईल.