दहा दिवस त्यांच्या मध्ये

कर्वेनगर, पुणे

प्रिय मुली,

तुझा फोन आला तेव्हा मी गिरणीतून दळण घेऊन येत होते, म्हणून नीट बोलता आलं नाही. इटलीहून दत्तक घ्यायला जोडपं येतंय, मुलं बहीण-भाऊ आहेत, ती नऊची, तो सहाचा, आणि संस्थेनं तुला दहा दिवस दुभाषी म्हणून त्यांच्याबरोबर दिलंय, एवढं कळलं. "ताई, मुलं जातील ना हो त्यांच्याकडे?" हा तुझा प्रश्न मात्र घरापर्यंत माझ्याबरोबर आला. माझी काळजी वेगळी आहे. मुलं त्यांच्याकडे जाण्याआधी तुझ्याकडे येतील.

विचार कर. तुला मराठी येतं. तुझ्या डब्यातल्या भाजीचा वास ओळखीचा. समोर दोन उंच माणसं, सारखी हसणारी, मध्येच डोळे पुसणारी, आणि बोलतात त्यातलं एक अक्षर कळत नाही. सहा वर्षांचं पोर हात कुणाचा धरेल?

माझ्या हातून ही चूक झालेली आहे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा परदेशी जोडप्यांना इथल्या कोर्टाकडून 1890 च्या पालक-पाल्य कायद्याखाली फक्त पालकत्व मिळायचं, दत्तकविधान त्यांच्या देशात गेल्यावर. सात वर्षांचा मुलगा होता. तारखा लांबल्या, जोडपं तीन आठवडे पुण्यात अडकलं, आणि मी अगदी मन लावून काम केलं. त्याला भरवलं मी, गोष्टी सांगितल्या मी, ताप आला तेव्हा उशाशी बसले ती मी. मुंबईच्या सहार विमानतळावर त्यानं माझ्या पदराला असा पीळ घातला की बोटं एकेक करून सोडवावी लागली. त्याची आई दोन पावलांवर उभी होती, हातांचं काय करावं ते न कळून. परत येताना गाडीत सगळे म्हणाले, किती लळा लागला होता हो तुमचा. मी सुखावले होते. त्या सुखावण्याची अजून लाज वाटते.

तर पहिल्या दिवसापासून एक सवय लावून घे. धाकटा तुला म्हणेल, "ताई, पाणी." तू उठायचं नाहीस. आईकडे बघून "पाणी" एवढाच शब्द सांगायचा आणि तिनं ग्लास द्यायचा. दोन सेकंद जास्त लागतील, लागू देत. ती माणसं यायच्या आधीच त्यांना पंधरा-वीस शब्द पाठव, आवाज रेकॉर्ड करून: भूक, शू, दुखतंय, थंडी, नको, अजून, झोप, आणि "मी इथेच आहे". उच्चार चुकले तर मुलं हसतील; हसू देत, पहिलं हसणं बहुतेक तिथेच येतं. एक शब्द तर फुकटात मिळतोय. आपलं "बास" आणि त्यांचं "बास्ता". जेवताना त्याचा खेळच होईल बघ.

दुभाषाचं काम करताना बाजूला, जरा मागे बस. "त्या असं म्हणतायत की" हे शेपूट लावू नकोस. त्या "मला तुझी वेणी आवडली" म्हणाल्या तर तूही तेवढंच म्हण. मूल आवाजाकडे बघतं. तू मागे असलीस तर निदान अर्धा वेळ आईच्या तोंडाकडे बघेल. आणि थोरली "मला परत जायचंय" म्हणाली तर ते जसंच्या तसं सांग. गोड करून सांगायचा मोह होतो, मलाही व्हायचा. मोठ्या मुलाची संमती घेतात, पण नऊ वर्षांच्या मुलीनं "हो" म्हटलं तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे नक्की काय होतं, देव जाणे. आईबापांना ते वाक्य इथेच, हॉटेलच्या खोलीत, तू शेजारी असताना ऐकू दे. तिकडे गेल्यावर तेच वाक्य त्यांना न कळणाऱ्या भाषेत येईल.

आता थोरलीबद्दल, कारण खरी गाठ तिच्याशी आहे. ती आजवर धाकट्याची आईच होऊन राहिलीय. बिस्किट मिळालं की अर्धं फ्रॉकच्या खिशात जाईल, रात्री उशीखाली पोळीचा तुकडा सापडेल. नव्या आईला वाटेल, आता मी आले, हिनं खेळावं. बरोबर आहे, पण ओढून घेऊ नका म्हणावं. वर्षानुवर्षं जे सांभाळलं ते कोणी झटक्यात काढून घेतलं तर ती कुणावर विश्वास ठेवणार? तो पोळीचा तुकडाही टाकू नका, खोलीत एक डबा ठेवा, त्यात कायम काहीतरी खायला असू द्या.

एक पाहिलेलं सांगते. स्पेनची एक बाई होती, तिच्याही वाट्याला अशीच आठ-नऊ वर्षांची, तोंड मिटून बसणारी मुलगी. चार दिवस ती आईला अंगाला हात लावू देईना. पाचव्या दिवशी सकाळी बाईनं कंगवा, खोबरेल तेलाची बाटली आणि लाल रिबिनी घेतल्या आणि खाली फरशीवर बसली. वेणी तिला येतच नव्हती. दोनदा घातली, दोनदा सुटली. मुलीनं आरशात बघितलं, च्च केलं, मागे हात नेऊन तिची बोटं धरली आणि तिसरा पेड कुठून घ्यायचा ते दाखवलं. मी खुर्चीत होते. एक शब्द बोलले नाही, आणि माझ्या नोकरीतलं ते सगळ्यात चांगलं काम असावं. त्यामुळे वेणीचा व्हिडिओ बघून तरबेज होऊन येऊ नका, असं मी पुढच्या आयांना सांगायला लागले.

बापाची गोष्ट निराळी. संस्थेतली मुलं मावशींच्या हाताखाली वाढलेली असतात, घरात वावरणारा पुरुष त्यांनी पाहिलेला नसतो. त्याला सांग, उभा राहू नकोस, जमिनीवर बस, पत्ते घे, कॅरम घे, आणि हरायला शीक.

त्यांच्याकडे यादी असेल. शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, लक्ष्मी रोडची खरेदी. निम्मी काट. कागदांपायी काही फेऱ्या असतील त्या असतील. दत्तकाचे आदेश 2022 च्या सप्टेंबरपासून जिल्हाधिकारी काढतात, त्यामुळे आमच्यासारखं कोर्टाच्या पायऱ्यांवर दिवस घालवणं तरी गेलं. बाकी वेळ रिकामा ठेव. पेशवे उद्यानातली फुलराणी एकदा, वनाजवरून मेट्रोची चक्कर एकदा, आणि रोज संध्याकाळी कमला नेहरू पार्कात त्याच बाकावर. तिसऱ्या दिवशी धाकटा बाकाकडे स्वतः पळत जाईल, आणि "आपलं" म्हणता येईल असं काहीतरी त्या चौघांत झालेलं असेल. गाडीत मात्र लिंबाच्या गोळ्या आणि पिशव्या ठेव. ज्यांना गाडीची सवय नाही ती मुलं हमखास ओकतात, आणि ओकलेल्या मुलाला पुसायचं काम आईबापांचं. तुझं नाही. हे लिहिताना मला हसू येतंय, पण मी गंभीर आहे.

रात्री तू तिथे नसशील, म्हणून आधीच सांगून ठेव. हॉलमध्ये ओळीनं झोपणाऱ्या मुलांना वेगळा पलंग म्हणजे शिक्षा वाटते. गाद्या जवळ ओढा, छोटा दिवा चालू ठेवा, एसी बंद. धाकटा अंथरूण ओलं करील. रबरी चादर घेऊन ठेव, आणि कोणी एक अक्षर बोलायचं नाही.

पहिले काही दिवस मुलं शहाण्यासारखी वागतील. ताटात पडेल ते खातील, कपड्यांच्या घड्या घालतील. आईबाप खूश होतील. तू होऊ नकोस, ते पाहुण्याघरचं वागणं आहे. सातव्या-आठव्या दिवशी बुटांवरून भोकाड पसरलं की समज, जरा घरचं वाटायला लागलं. तेव्हा ती दोघं घाबरून तुला फोन करतील, "या" म्हणतील. जाऊ नकोस. फोनवर बोल त्यांच्याशी, तेही थोडकं.

संस्थेतून निघताना मुलांना गुपचूप नेऊ नका. रडारड होईल, होऊ दे. ज्या मावशीनं सांभाळलं तिच्या तोंडून "जा, आता हेच तुझे आईबाबा" हे निघायला हवं, त्याशिवाय मुलं मनातून सुटत नाहीत. त्या मावशीचा, कॉटचा, अंगणातल्या नळाचा फोटो काढून आईकडे दे. मित्रमैत्रिणींची नावं आणि थोरली धाकट्याला झोपवताना जे म्हणते ते शब्द लिहून दे. तिकडे मराठी फार भराभर जातं. मी काही महिन्यांत गेलेलं पाहिलंय.

पुढे मुलं तिकडे कशी आहेत याचे अहवाल येतील, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी. त्यात तुझं नाव शोधू नकोस.

आणि हो, आजच हॉटेलला फोन करून विचार, न्हाणीघरात बादली-तांब्या आहे का. शॉवर बघून दोघंही किंचाळतील. नसेल तर माझ्याकडची पितळी बादली घेऊन जा, जड आहे पण तोटी नाही तिला, गळत नाही.

तुझी,
ताई