श्रीखंडाच्या डब्यातल्या बाटल्या

मुलुंडच्या ताई, वय ४९. (ओळखीचे तपशील बदललेत.) सात महिने पाळी नाही, सारखं रडू येतं, कशात मन नाही. पर्समधून त्यांनी श्रीखंडाचा रिकामा डबा काढला. आत सोयाच्या कॅप्सूल, अश्वगंधा, केशराची डबी आणि भाच्याने जर्मनीहून आणलेली सेंट जॉन्स वर्टची, म्हणजे नैराश्यावर घेतल्या जाणाऱ्या एका वनस्पतीच्या औषधाची, बाटली. सगळं लोकलच्या ग्रुपमधल्या बायकांच्या सल्ल्याने.

"झाडपाल्याचंच आहे ना मॅडम? मग डॉक्टरांच्या गोळ्या कशाला?"

हा प्रश्न मला नेहमी येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पाळी जाण्याच्या या काळात इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) सरळ ओसरत नाही, हेलकावे खातं. मनःस्थितीशी जोडलेलं मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायनही त्याबरोबर हलतं. सोयातलं जेनिस्टीन हे द्रव्य पेशींमधल्या इस्ट्रोजेनच्याच जागेवर (रिसेप्टरवर) जाऊन बसतं. सोयातल्याच डेडझीनपासून आतड्यातले जिवाणू इक्वॉल हे इस्ट्रोजेनसारखं काम करणारं द्रव्य बनवतात, पण सगळ्यांच्या पोटात नाही. म्हणून मैत्रिणीला मानवलेलं आपल्याला मानवेलच असं नाही. केशराच्या, रोज ३० मिलिग्रॅमच्या, छोट्या चाचण्यांत सौम्य ते मध्यम नैराश्यात थोडा आराम दिसलाय. दुधातल्या चार काड्यांना मात्र तो डोस म्हणू नका.

"बाकी गोळ्या कुठल्या?"

थायरॉईडची, आणि मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली एस्सिटालोप्राम, सेरोटोनिन वाढवणारी नैराश्यावरची गोळी. "ती कधी घेते, कधी नाही."

मी ती बाटली बाजूला काढली. एस्सिटालोप्रामसोबत सेंट जॉन्स वर्ट घेतलं तर सेरोटोनिन धोकादायक वाढू शकतं. सोयाची कॅप्सूल त्या थायरॉईडच्या गोळीसोबतच गिळत होत्या. सोयामुळे ती गोळी नीट शोषली जात नाही, आणि थायरॉईड कमी पडलं तरी मन खचतंच. अश्वगंधाही थायरॉईडचे आकडे हलवू शकते. यातलं काय बंद, काय चालू, हे मी ठरवत नाही. डबा डॉक्टरांपुढे असाच उघडा, म्हटलं.

मग विचारलं, "जगणं नको, असं वाटतं कधी?"

त्या डब्याचं झाकण लावायला लागल्या. ते काही केल्या बसेना.

"गाडीच्या दाराशी उभी असते तेव्हा."

झाडपाल्याचा विषय तिथेच थांबला. त्यांच्या संमतीने लगेच मुलीला आणि डॉक्टरांना फोन केला. रात्रीबेरात्रीसाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मुलीने मोबाइलमध्ये सेव्ह केला.

तीन आठवड्यांनी आल्या. रात्री घामाने अजून दोनदा उठतात. जर्मनीची बाटली डॉक्टरांनी बंद केली. गाडीत ग्रुप आता त्यांच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवतो.