वाचन अडतं, समज नाही : पालकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : मुलगा मराठी शाळेत तिसरीत आहे. ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो, पण पुस्तक हातात घेतलं की एकेक अक्षर जुळवत बसतो. 'भ'-'म', 'घ'-'ध' यांत गोंधळ होतो. बाई म्हणतात, चुकलेला शब्द दहा वेळा लिहून घ्या. रोज रडारड होते.
– एक आई, सातारा

उत्तर : दहा वेळा लिहून घेणं आजपासून बंद करा. हा कदाचित डिस्लेक्सिया असेल, म्हणजे समज चांगली असूनही वाचन-लेखन अडणं. असं मूल अशा वेळी शब्द शिकत नाही, वरची ओळ बघून खाली उतरवतं. मध्येच चुकलं की तीच चूक शेवटपर्यंत गिरवतं.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. ते ठीक असतील तर बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांकडून मूल्यमापन करा. तो मराठीतून शिकतोय, तेव्हा चाचणीही मराठीतच हवी. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' चाचणी मराठीतही आहे, तिच्याबद्दल विचारा.

पण अहवाल येईपर्यंत थांबू नका. बहुतेक मुलांची अडचण शब्दातले आवाज सुटे करण्यात असते, म्हणून सुरुवात वही न उघडता करा. 'पुस्तक' म्हणा, तीन टाळ्या वाजवा : पु-स्त-क. 'कपाट'मधला 'क' काढला तर काय उरलं? 'पाट'! हे जमू लागलं की ताटात रवा पसरा. त्यात बोटाने 'भ' काढायचा आणि काढतानाच मोठ्याने 'भ' म्हणायचं. त्याच आठवड्यात 'म' घेऊ नका. सारखी दिसणारी अक्षरं शेजारी ठेवून शिकवली की गोंधळ वाढतो. जोडाक्षरं आणि रफार अगदी शेवटी. रोज पंधरा मिनिटं पुरे, पण रोज.

आणि परिसर अभ्यास तुम्ही वाचून दाखवा, उत्तरं तोंडी घ्या. वाचन मागे आहे म्हणून त्याचं ज्ञान मागे पडू देऊ नका. हुशार मुलं इथेच हातची जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : दुसरीतली मुलगी 'त्रेसष्ट' म्हटलं की ३६ लिहिते. हा डिसकॅल्क्युलिया, म्हणजे आकडे-गणित समजण्यातली अक्षमता, आहे का?
– एक बाबा, नाशिक

उत्तर : एवढ्यावरून नाही. 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि साठ नंतर. लिहिताना मात्र सहा आधी. 'एकोणसाठ'मध्ये तर ऐकू येतं साठ आणि लिहायचे ५९. या वयात पुष्कळ मुलं इथे अडखळतात. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये 'त्रेसष्ट'सोबत 'साठ तीन' असं म्हणायची पद्धत आली तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. घरी शिकवताना ती जरूर वापरा, असंच मी सांगेन. सोबत काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे ठेवा : सहा गठ्ठे, तीन सुट्या.

लक्ष दुसरीकडे ठेवा. आठात एक मिळवताना ती दर वेळी एकपासून मोजते का? सात मोठे की नऊ, हे सांगायला अडते का? पुरेसा सराव होऊनही हे सुटलं नाही, तर तपासणी करा.

प्रश्न : रंगीत काचांच्या चष्म्याने नातवाचं वाचन सुधारेल का?
– आजी, डोंबिवली

उत्तर : नाही. अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच एकत्र निवेदन काढून सांगितलं की, अशा काचा किंवा डोळ्यांचे व्यायाम यांनी डिस्लेक्सिया बरा होत असल्याचा पुरावा नाही. ते पैसे विशेष शिक्षिकेच्या तासांना द्या, आजी.

प्रश्न : मुलीला डिस्लेक्सिया आहे. त्याचं प्रमाणपत्र काढलं तर तिच्यावर कायमचा शिक्का बसेल, असं सासरचे म्हणतात. ती आठवीत आहे.
– एक आई, पुणे

उत्तर : शिक्का आत्ताच बसलाय, 'आळशी' म्हणून. प्रमाणपत्राने तो निघायला मदतच होईल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया, डिसकॅल्क्युलिया यांसारख्या अडचणींचा) समावेश आहे, आणि आपल्या राज्याने तर १९९६ पासूनच दहावीला अशा मुलांना सवलती दिल्या. जादा वेळ आणि गरज असेल तर लेखनिक, हा तिचा हक्क आहे.

प्रमाणपत्र मान्यताप्राप्त सरकारी रुग्णालयातूनच घ्या. खासगी अहवाल तिथे दाखवायला उपयोगी पडतो. तारखा मिळायला वेळ लागतो, म्हणून नाव या सुट्टीतच नोंदवा. लेखनिक घ्यायचा ठरला तर नववीच्या घटक चाचण्यांपासून सवय करा. दुसऱ्याला उत्तर सांगून लिहवून घेणं हेही शिकावं लागतं. आणि हे सगळं मुलीशी बोलून करा. तिच्यापासून लपवू नका.