अंगणातलं लग्न टिपताना

चि.,
अनेक आशीर्वाद.

रत्नागिरीकडचं मे महिन्यातलं लग्न फोटो काढायला तुझ्याकडे आलं, आणि तेही हॉलमध्ये नाही, घरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात. हॉलपेक्षा हे काम अवघडही आहे आणि सोपंही. सोपं अशासाठी की घरच्या लग्नात कोणी सांगून हसत नाही, माणसं आपापल्या कामात असतात. अवघड ते उजेडाचं.

आदल्या दिवशी पोहोच आणि मुहूर्ताच्याच वेळी मंडपात उभं राहून बघ. सकाळी सातचा उजेड बघून दुपारच्या मुहूर्ताचा अंदाज येत नाही. रत्नागिरीत ८ मेच्या आसपास सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर असतो, आणि तिथली खरी दुपार घड्याळात बाराला नाही, साडेबाराच्या थोडी नंतर होते. त्या वेळी उघड्यावर उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या खोबणीत काळोख आणि नाकावर पांढरा डाग, दुसरं काही मिळत नाही. शेणाने सारवलेलं खळं खालून उजेड परतवत नाही, म्हणून ती सावली आणखी गडद दिसते.

मंडपाबद्दल घरच्यांशी आधीच बोल. माडाच्या झापांचा मांडव दिसायला सुरेख, पण फटींतून उन्हाचे कवडसे पडतात आणि नवरीच्या गालावर नेमका एक कवडसा बसला की तो फोटो नंतर कितीही घासून सुधरत नाही. झापांच्या खाली पांढरं कापड ताणलं की झालं. लाल-पिवळं मंडपाचं कापड असेल तर जास्त सांभाळ. वरून कापडाचा रंग आणि बाजूने मोकळ्या आभाळाचा निळसर उजेड असे दोन रंग एकाच चेहऱ्यावर पडतात. व्हाइट बॅलन्सने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या रंग सुधारायच्या सोयीने, एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. निदान बोहल्यावरचा बारा फूट बाय बारा फूट तुकडा तरी पांढरा मागून घे. आणि दिवसा रंगीत एलईडी माळा बंद ठेवायला सांग, लाजू नकोस.

लाल जांभ्या चिऱ्याच्या भिंतीजवळच्या सावलीत चेहरे लालसर येतात. त्यापेक्षा चुना लावलेली भिंत शोध. माजघरात फ्लॅश वर उडवून उपयोग नाही. वर काळं पडलेलं लाकूड आणि कौलं, ती उजेड गिळतात. जुन्या घरात बहुतेक एखादं काचेचं कौल असतं. सूर्य डोक्यावर असताना त्याचा उजेडाचा तुकडा जवळपास सरळ खाली पडतो. तो कुठे पडतो ते बघून ठेव, पण माणसाला त्या तुकड्यात उभं करू नकोस, तुकड्याच्या शेजारी बसव. जमिनीवरून उसळलेला उजेड चेहऱ्यावर मऊ येतो. नवरी गौरीहराला बसते तेव्हा तर हे सोन्यासारखं. शटर १/१२५ सेकंद, लेन्सचं छिद्र एफ/२, उजेडाची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ १६०० च्या आसपास सुरुवात कर आणि जाग्यावर बघून बदल.

आता अंतरपाट. दिवसभरात चुकलं तर परत न मिळणारा क्षण हाच. गुरुजींना आदल्या दिवशी एकच प्रश्न विचार: पट कुठल्या बाजूला ओढणार? ज्या बाजूला ओढणार तिथे कापड गोळा करणारा माणूस उभा राहतो आणि तुझ्यासमोर पाठ येते. म्हणून पट सोडणाऱ्याच्या बाजूला, त्याच्या खांद्यामागे, छोट्या स्टुलावर उभं राहा. तिथून नवरानवरी दोघंही तुझ्यापासून सारख्या अंतरावर, त्यामुळे एफ/४ ला दोन्ही चेहरे स्वच्छ येतात. फुल फ्रेमवर, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर, ३५ एमएमची लेन्स पुरे. मामा मागे, करवली कऱ्हा घेऊन, सगळं चौकटीत बसतं. पाठीमागे उन्हातलं खळं येऊ देऊ नकोस, ते चेहऱ्यांपेक्षा तीन-चार स्टॉप, म्हणजे आठ ते सोळा पट, उजळ असतं. ओटीची सावली पाठीमागे येईल अशी बाजू मिळाली तर उत्तम.

मंगलाष्टका किती म्हणणार हे कोणालाच ठाऊक नसतं, कारण आत्या, मावशी, शेजारची वहिनी, सगळ्यांच्या रचना तयार असतात. पण ‘तदेव लग्नं’ सुरू झालं की खूण समज. शटर १/५०० वर ने, कॅमेरा सलग फ्रेम घेण्यावर टाक आणि व्ह्यूफाइंडरवरून डोळा काढू नकोस. १/१२५ ला अक्षता पांढऱ्या रेघा होतात, १/५०० ला दाणे दिसतात. पट सरकताक्षणी दोघं एकमेकांकडे बघतात ते जेमतेम दोन सेकंद. मग लगेच हारांची गडबड आणि चहूबाजूंनी मोबाइल पुढे येतात.

होमाला बहुधा वधूवर पूर्वेकडे तोंड करून बसतात आणि दुपारी वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. म्हणजे तू अगदी समोर बसलास की धूर तुझ्याच लेन्समध्ये. कोपऱ्यात बस, तिरकं, मांडी घालून. फ्लॅश बंद. समोरून फ्लॅश मारला की धूर पांढरा पडदा होतो, बाजूच्या उजेडात तोच धूर फोटोला खोली देतो. लाजाहोमात नवरीचा भाऊ लाह्या घालतो तेव्हा चेहरे नंतर, आधी हात बघ: ओंजळीत ओंजळ, मेंदी आणि बोटांना चिकटलेल्या दोन लाह्या. कानपिळीला मात्र चेहरेच हवेत, आणि तेही पाठीमागे हसणाऱ्या बायकांचे.

कुठलाही विधी पुन्हा करायला लावू नकोस. मंगळसूत्र हुकलं तर हुकलं. मग लगेच नवरी ते हाताने सारखं करते, तो फोटो घे. बरेचदा तोच बरा निघतो.

गटाचे फोटो पंगत बसायच्या आधी उरक, कारण नंतर माणसं पांगतात, पुरुष झोपाळ्यावर पडतात. नावं माहीत असलेली, मोठ्या आवाजाची एखादी काकू हाताशी घे आणि बारापेक्षा जास्त गट कबूल करू नकोस. चालता न येणाऱ्या आजीपासून सुरुवात: नवरानवरीला तिच्याकडे ने, तिला उठवू नकोस. ओटीच्या पायऱ्यांवर दोन ओळी असतील तर एफ/८, आणि दर गटाला पाच-सहा फ्रेम, कारण कोणीतरी डोळे मिटतंच. खूप रुंद लेन्सने कडेची माणसं फुगतात, आणि कडेला नेमक्या आत्या उभ्या असतात.

पंगतीत बसलेल्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर ये, उकिडवा बस. घास तोंडात असताना कोणाचाही फोटो नको. वाढपी वाकून भातावर तूप सोडतो, पुढचं पान ‘नको नको’ म्हणत हात आडवा धरतं, तेवढं मिळालं की बस. तूही दुसऱ्या पंगतीला जेवून घे. उपाशी माणसाचे हात थरथरतात, आणि यजमानही रागावतात.

दोघांचे निवांत फोटो पावणेसहा ते साडेसहा, पोफळीच्या बागेच्या कडेला. आत खोल जाऊ नकोस, तिथे उजेड हिरवा होतो आणि शालूचा रंग मरतो. त्या वेळी दोघंही थकलेली असतात. पोझ सांगण्यापेक्षा पन्हं दे आणि गप्पा मारू दे.

सामानाचं थोडक्यात. वातानुकूलित गाडीतून उतरल्याबरोबर बॅग उघडलीस तर दमट हवेने लेन्सवर धुकं बसेल. बॅग बंदच ठेवून अर्धा तास पडवीत राहू दे. वीज जाणार हे धरून चाल, चारही बॅटऱ्या आदल्या रात्री भर. २४ मेगापिक्सेलची एक रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल साधारण २५ ते ३० एमबी, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात दोनेक हजार फोटो. दोन कार्डांवर एकाच वेळी नोंद होऊ दे. घामासाठी टिश्यू, आणि चेहरा पुसायचा नाही, टिपायचा, हे नवरीला सांग. महिन्याच्या अखेरीचं लग्न असेल तर वळवाचा पाऊस धर आणि दोन जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या खिशात ठेव.

मुहूर्ताची वेळ कळली की लिही, आणि बोहला कुठल्या भिंतीला येतोय तेही. तेवढ्यावरून कुठे उभं राहायचं ते ठरवू.

तुझा,
काका