आलेख काढण्याआधी कण ओळख

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

पत्र आणि आलेख दोन्ही मिळाले. तळ्याच्या गाळाची अख्खी नळी तू दर दोन सेंटिमीटरला मोजलीस, मोजणी नेटकी आहे. पण ससेप्टिबिलिटीच्या रेषेवर जिथे उंचवटा दिसला तिथे ‘ओला काळ’ आणि जिथे खळगा दिसला तिथे ‘कोरडा काळ’ असं तू लिहून ठेवलं आहेस. ते तूर्तास खोडून टाक. कदाचित बरोबरही निघेल, पण आज तुझ्याकडे त्याला आधार नाही.

बाहेरून हलकंसं चुंबकक्षेत्र लावलं की नमुना त्याला किती दाद देतो, एवढंच ससेप्टिबिलिटी सांगते. मॅग्नेटाइट (लोहाचं चुंबकी खनिज) किती, कण किती बारीक, चुना, वाळू आणि कुजलेला पाला मिसळून सगळं किती विरळ झालंय, हे सारं त्या एका आकड्यात येऊन पडतं. कशामुळे तो वाढला हे आकडा स्वतःहून सांगत नाही.

चीनच्या लोएस पठाराचं उदाहरण नीट समजून घे. वाऱ्याने आणलेल्या पिवळ्या धुळीचे थर आणि त्यांच्यामध्ये उबदार काळात तयार झालेल्या जुन्या मातीचे थर, अशी ती रचना. फ्रीडरिश हेलर आणि लिऊ तुंगशेंग यांनी १९८०च्या दशकात दाखवलं की मातीच्या थरांत ससेप्टिबिलिटी चढते आणि धुळीच्या थरांत उतरते. उबदार, पावसाळी हवामानात मातीतच अतिसूक्ष्म चुंबकी कण तयार होतात, म्हणून तिथे उंचवटा म्हणजे जोरदार मान्सून. आता अलास्का आणि सायबेरियाचं लोएस घे. तिथे नेमकं उलट : हिमयुगातले जोराचे वारे जड लोहयुक्त कण वाहून आणत, म्हणून धुळीच्या थरांत आकडा मोठा आणि मातीच्या थरांत लहान. यंत्र तेच, एकक तेच, अर्थ मात्र विरुद्ध. चीनचा नियम सायबेरियात लावला तर हिमयुगाला उबदार काळ म्हणायची पाळी येईल.

तळ्यात आणखी गुंतागुंत आहे. काठावरचं जंगल तुटलं, माती वाहून आली, की उंचवटा. त्यात पावसाचा काही संबंध असेलच असं नाही. आणि खळग्यांचं कारण बरेचदा गाळाच्या पोटातच असतं. तळाशी प्राणवायू संपला की जिवाणू सल्फेटपासून सल्फाइड बनवतात, मॅग्नेटाइट विरघळू लागतं आणि लोह पायराइटमध्ये जातं. पायराइट चुंबकी दृष्टीने जवळपास मुकं. म्हणजे कण आला होता, नंतर नाहीसा झाला. वाटेत कधीकधी ग्रेगाइट हे लोह-गंधकाचं खनिज तयार होतं, ते चांगलंच चुंबकी असतं आणि गाळ साचल्यानंतर कितीतरी काळाने जन्माला येऊ शकतं. चुंबकक्षेत्राच्या दिशेने पोहणारे काही जिवाणू तर स्वतःच्या शरीरात मॅग्नेटाइटच्या माळा ओवतात, १९७५ साली रिचर्ड ब्लेकमोर यांनी त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. मेल्यावर ते कण गाळातच राहतात. तेव्हा तुझ्या नळीतला कण डोंगरावरून आला, तिथेच वाढला की एखाद्या जिवाणूने घडवला, हा पहिला प्रश्न. हवामान त्याच्या नंतर.

तो सोडवायला फार महागडी साधनं लागत नाहीत. ससेप्टिबिलिटी लावलेल्या क्षेत्राच्या दोन वारंवारतांवर मोज. फरक ठळक असेल तर मातीत तयार झालेले अतिसूक्ष्म कण आहेत असं समज. मग नमुन्यांना टप्प्याटप्प्याने वाढतं क्षेत्र दे. टेस्ला हे क्षेत्राचं एकक. मॅग्नेटाइट साधारण ०.३ टेस्लापर्यंत तृप्त होतं, आणखी चुंबकत्व घेत नाही; हेमाटाइट हे लोहाचं दुसरं खनिज १ टेस्ला ओलांडूनही घेतच राहतं. थोडे नमुने तापवून पाहा : मॅग्नेटाइट ५८० अंश सेल्सिअसच्या आसपास चुंबकत्व गमावतं, हेमाटाइट ६७५च्या पुढे. ग्रेगाइट त्याच्या बरंच आधी तापवतानाच मोडतं. सगळी नळी तपासायची गरज नाही. उंचवट्यावरचे काही, खळग्यातले काही नमुने पुरतील.

चुंबकत्वाच्या दिशेबद्दलही तू विचारलंस. लाव्हा थंड होताना त्यातले कण त्या वेळच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेवतात. गाळात कण बसताना वळतात आणि वरचा थर दाबला गेल्यावर जखडतात, म्हणजे नोंद थोडी उशिरा होते. १९०६ मध्ये बेर्नार ब्रून यांना फ्रान्समधल्या लाव्हात आणि त्याने भाजलेल्या मातीत आजच्यापेक्षा उलटी दिशा सापडली. १९२९ मध्ये मोतोनोरी मातुयामा यांनी अशा उलट्या खडकांना काळाच्या क्रमात बसवलं. चुंबकी ध्रुवांची शेवटची पूर्ण उलटापालट सुमारे ७ लाख ७० हजार वर्षांपूर्वीची, त्यामुळे काही हजार वर्षांच्या गाळात ती शोधत बसू नकोस. तिथे दिशेची हळूहळू होणारी डुलणी कामाची.

दिशेतून अक्षांशही मिळतो : चुंबकत्वाच्या दिशेच्या क्षितिजाशी होणाऱ्या कोनाचा टॅन म्हणजे अक्षांशाच्या टॅनची दुप्पट. कोन ४९ अंश आला तर अक्षांश जेमतेम ३०. याच गणिताने १९५०च्या दशकात क्लेग आणि सहकाऱ्यांनी दख्खनचा लाव्हा विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला थिजला असं दाखवलं, तेही खंड सरकतात हे बहुतेक भूवैज्ञानिकांना मान्य नसताना. मला हे काम अजूनही फार देखणं वाटतं. गाळात मात्र हा कोन दाबामुळे चपटा होतो आणि अक्षांश खोटा कमी येतो, हे लक्षात ठेव.

आणि इथेही प्रश्न तोच : नोंद कधीची? जॉन ग्रॅहॅम यांनी १९४९ मध्ये सुचवलेल्या कसोट्या मला आजही सगळ्यात प्रामाणिक वाटतात. वळी पडलेल्या थरांच्या दिशा थर सपाट केल्यावर जुळल्या, तर नोंद वळीच्या आधीची. पिंडाश्मातल्या, म्हणजे गोटे जखडून बनलेल्या खडकातल्या, गोट्यांच्या दिशा विस्कळीत असतील, तर गोटे जमा झाल्यावर चुंबकत्व पुन्हा चढलेलं नाही. सगळे गोटे एकाच दिशेला पाहत असतील तर तो खडक तुझ्या उपयोगाचा नाही, कितीही सुंदर आकडे आले तरी.

बाकी क्षेत्रकामाच्या गोष्टी तुला सांगायला नकोत, तरी दोन सांगतो. डोंगरमाथ्यावरच्या उघड्या खडकाजवळ होकायंत्र वेडंवाकडं फिरलं तर तिथे वीज पडलेली असू शकते. तो नमुना घेऊ नकोस. बेसॉल्टवर दिशा सूर्यावरून घ्यायची, सुईवर विसंबायचं नाही. गाळ कापायला लोखंडी चाकू वापरला असशील तर कडेचा भाग टाकून दे.

पुढचं पत्र लिहिशील तेव्हा तृप्तीचे आलेख पाठव, किमान सहा वेगवेगळ्या खोलीवरच्या नमुन्यांचे. आणि नळी उघडताना कितव्या सेंटिमीटरपासून गाळ काळा होत गेला, कुजक्या अंड्यांचा वास कुठे सुरू झाला, हे वहीत असेल तर तेही. तुझा तो मोठा खळगा नेमका तिथूनच सुरू होत असावा असा माझा संशय आहे.

तुझा,
काका